वाघोबाच्या वळणावरचा आरसा

गुरुवार, दिवेलागण

जामसरच्या वळणावरचा आरसा पंचायतीसाठी मीच निवडला. दुकानदार म्हणाला होता, वळणाला मोठा बहिर्गोल घ्या, लहान आरशात येणारी गाडी नीट कळत नाही. पण मोठ्याचा खांब वाघोबाच्या दगडाला लागत होता, म्हणून लहान आणला. चुकलं का माझं?

आज जीपवाला काशिनाथ म्हणाला, "आता वाघोबाला हॉर्न कोण देतंय, दादा? आरशात बघतो नि जातो."

खरंच. इतकी वर्षं सगळे देवासाठी हॉर्न वाजवायचे, आणि त्यानेच समोरचा सावध व्हायचा. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

परतताना चांगला उजेड होता. आरसा रिकामा. मी मोटरसायकल थांबवून मुद्दाम हॉर्न दिला. पलीकडून लगेच हॉर्न आला. कडेला होऊन वाट बघितली. आरसा रिकामाच, आणि कोणी आलं नाही. शेवटी वळण घेतलं, तर पार पुलापर्यंत रस्ता मोकळा.

मोठाच आरसा आणायचा, असं आत्ता लिहिलं आणि खोडलं.

मोठ्या आरशात ते दिसलं तर?