हळू वेगातली सुजा

४ जुलै
हुलसूरहून रेणुकाक्कांचा फोन. सुजाच्या जागेवर आता पहिलीला त्याच आहेत. "सर, नव्या फोनवर गोष्टींचं अॅप उघडंनाच झालंय. पोरं रोज इचारायलीत, बाईंची गोष्ट कामून लागंना." ज्यांनी तिला पाहिलंसुद्धा नाही ती पोरं माझ्या बायकोला बाई म्हणतात. ती वारली त्यानंतर शाळेत आलेली सगळी. बरं वाटलं, आणि लगेच रडूही आलं. अॅप स्टोअरचे इशाऱ्याचे मेल कधीपासून न वाचता पडलेत. बघतो म्हणालो.

६ जुलै
बसलो एकदाचा. अॅपमध्ये वापरलेल्या सगळ्या लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड, जुनाट. एक वर चढवली की तीन रुसतात. ऑफिसात हेच काम शिव्या देत करतो, इथे शिवी तोंडातून निघत नाही. गोष्टी तिच्या आवाजात, आणि अर्धं अॅपही तिनं शेजारी बसून, डोकं खाऊन करून घेतलंय. "हळू" हे बटण तिचंच. घरी कन्नड नाहीतर दख्खनी बोलणाऱ्या पोरांना मराठी गोष्ट सावकाश ऐकता यावी म्हणून. मी म्हणालो होतो, कोण दाबणार आहे ते. तर म्हणाली, तू गपगुमान कर.

७ जुलै
अॅप उघडलं! साध्या वेगात गोष्ट ठीक. मग "हळू" दाबलं आणि दचकलो. दुसरीच कुणीतरी. आवाज बारीक, स्वच्छ. रेकॉर्डिंग तेच, अक्षर बदललेलं नाही. आवाज वाजवणारी लायब्ररी आपोआप नवी आली होती. ठरावीकच आवृत्ती वापरायची, असं मी बांधून ठेवलंच नव्हतं. गाढवपणा. बदलांची नोंद वाचली. वेग कमी केला की आवाज जाड व्हायचा, तो दोष त्यांनी दुरुस्त केलाय. म्हणजे तो जाड, संथ आवाज, जो मी "हळू"वर वर्षभर ऐकतोय... चहा गार झाला, तसाच प्यालो.

८ जुलै
जुनी आवृत्ती घट्ट बांधली, एक आकडाही हलणार नाही अशी. आता अॅप बांधूनच होईना. बाकीच्या लायब्ऱ्या तिला घरात घ्यायला तयार नाहीत.
दुपारी मोबाइलमधला तिचा एक व्हिडिओ लावला. गुलबर्ग्याच्या भाजीबाजारात माझ्याशी भांडतानाचा. भरभर बोलणारी, बारीक आवाजाची. नवीच खरी निघाली. मला भयंकर राग आला. कुणावर, ते कळलं नाही. जुना आवाज मला जास्त आवडतो, हे लिहायलाही लाज वाटते.

१० जुलै, मुडबी
सासूबाईंकडे. मी त्यांना मामी म्हणतो. ऐकू कमी येतं, म्हणून त्या "हळू"वरच ऐकतात. सकाळी वंदना झाली की भाकरी थापता थापता लेकीची एक गोष्ट. फोन जुना, त्यामुळे अॅपही जुनंच. आपोआप अपडेट होणं बंद करून टाकलं.
"काय करायलात बापू फोनला?"
म्हणालो, दुसऱ्यांनी केलेली वस्तू आपण वापरतो मामी. त्यांनी बदलली की आपलंही बदलतं. तसं होऊ नये म्हणून बांधून ठेवतोय.
"ठेवा की मग बांधून. चांगलं चाललंय, कशाला हात लावायचा."
जेवून निघालो. मेथी बांधून दिली.

१५ जुलै
नवी आवृत्ती बांधून पोरांसाठी अॅप स्टोअरवर टाकलं. रेणुकाक्का खूश. "आवाज लई साफ यायलाय सर. पोरं बाईंच्या संगं संगं म्हणायलीत." व्हय का, म्हणालो. फोन ठेवला आणि पोटभर रडून घेतलं. सुजा असती तर नाचली असती.

२ ऑगस्ट
मामींच्या फोनची बॅटरी फुगली. बसवकल्याणच्या दुकानदारानं हात वर केले. नवा घेतला, पण त्यावर जुनं अॅप बसत नाही. हे होणार हे मला ठाऊक होतंच.
तो जाड आवाज मला मुद्दाम बनवता येईल. सगळ्या गोष्टी संगणकावर तशा करून भरायच्या, एका दुपारचं काम. पण आधी ते चुकून झालं होतं. आता मी जाणूनबुजून तिचा आवाज बिघडवायचा? तोही तिच्या आईला ऐकवायला?
नाही. मामींना खरी सुजा ऐकू दे. आई आहे, ओळखेल. आणि नाही ओळखली तर मी...

५ ऑगस्ट, मुडबी
नवा फोन दिला. आवाज बदललाय हे आधी सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "हळू" दाबून रुसलेल्या शेळीची गोष्ट लावली. मामींनी तवा खाली उतरवला, फोन कानाशी धरला, शेवटपर्यंत ऐकलं. शेळी चारा नको म्हणते तिथे हसल्या. ओळखली, असं वाटून माझा जीव भांड्यात पडला.
"गोड सांगती पोरगी," म्हणाल्या. "नवी बाई आली व्हय शाळंत?"
फोन माझ्या हातात दिला, तवा परत चुलीवर ठेवला. "आता आमच्या सुजाचं लावा."
लावतो, म्हणालो.