वाघिणीचं रिकामं वजन

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. नातीनं फोनवर सांगितलं होतं, आजी, एक म्हातारी वाघीण सांभाळायला घेतलीय, तूही ये. मी म्हटलं, एका घरात दोन म्हाताऱ्या वाघिणी कशा नांदायच्या? येऊन पाहते तर मालगाडीचा डबा! रेल्वेत मालडब्याला वाघीण म्हणतात म्हणे.

जुन्या कारखान्याच्या आवारात आम्हाला दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीतून समोरची शेड दिसते, शेडमध्ये ती उभी. लोखंडी चौकट, लाकडी फळ्या, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पंधरा दिवसांत तिला नीटनेटकी करून संग्रहालयात उभी करायची, हे नातीचं काम. डब्याच्या दुरुस्तीची ती रोज नोंद ठेवते. म्हणाली, तुझीही ठेवू. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती लिहिते.

मी तिला गोणी म्हणते. हिची आई गेली तेव्हा ही दोन वर्षांची. मीच कडेवर वागवली, आणि काय वजन होतं! हे लिहिताना तिनं तोंड वाकडं केलंय. म्हटलं, तेही लिही.

गुरुवार, ६

रंग खरवडताहेत. वर तपकिरी, त्याखाली राखाडी, त्याखाली लाल. लाल होती तेव्हा धान्य वाहायची, राखाडी झाल्यावर मीठ. मिठानं खालच्या फळ्या खाल्ल्यात. अकरा बदलायच्या, बाकी जुन्याच ठेवायच्या. नवी फळी जुनी म्हणून खपवायची नाही, मागं तारीख कोरायची. म्हटलं, माझ्या कवळीवरही कोर एक.

लाल रंगावर पांढरा आकडा निघाला. काटेवाल्यानं वाचून दाखवला: रिकामं वजन नऊ टन चारशे किलो. हा इथल्या वजनकाट्यावरचा जुना माणूस, निवृत्त झाला तरी घरी करमत नाही. मला विचारतो, बाईंचं रिकामं वजन किती? म्हटलं, जेवायच्या आधी विचारायला हवं होतं.

रविवार, ९

फळ्या बसल्या. वाघीण काट्यावर चढवली. नऊ टन चारशे, किलोचा फरक नाही. गोणी नाचलीच.

वाघिणीच्या दाराशेजारी कार्ड अडकवायची जागा आहे. आत कोणता माल, कुठं जायचा, ते त्यावर लिहायचं. पत्र्याच्या डब्यात कोरी कार्डं सापडली, दोन तऱ्हेची. तू निवड, म्हणाली. मी लाल काठाचं उचललं, दिसायला छान म्हणून. ते भरलेल्या वाघिणीचं निघालं. चालेल, म्हणाली, पाहुण्यांना भरलेलीच बरी वाटेल. मालाच्या रकान्यात तिनं लिहिलं, गोणी, एक नग. आणि खो खो हसत सुटली. भरणाऱ्याच्या सहीच्या जागी माझा अंगठा उठवला.

काटेवाला हसला नाही. रिकाम्या वाघिणीला भरल्याचं कार्ड लावत नाहीत, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मला वाचता येत नाही, वाघिणीला कुठून येणार?

मंगळवार, ११

वाघीण बारा किलोंनी जास्त भरली. डबा झाडला, फळ्या ठोकून पाहिल्या, आत काही नाही. गोणीनं काट्याला नावं ठेवली, काटेवाला खवळला. काटा तपासला. काटा ठीक.

आज ती लाकडी जिना चढून आली ते मला कळलंच नाही. एरवी जिना कण्हतो. म्हटलं, बारीक झालीस की काय! खूश झाली.

गुरुवार, १३

एकतीस किलो जास्त.

गोणी वेताच्या खुर्चीत बसली, खुर्ची करकरली नाही. तिनं लिहिलेल्या पानाच्या मागून बोट फिरवायची मला खोड आहे. दाबून लिहिते, अक्षरं मागं उठतात, तेवढंच माझं वाचन. आज पान गुळगुळीत लागलं.

काटेवाल्यानं तिला पार्सलच्या काट्यावर उभं केलं. अडुसष्टची होती ती. सदतीस भरली. गाल तेच, दंड तेवढाच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, ठणठणीत आहे, काटा बदला.

शुक्रवार, १४

चव्वेचाळीस. मी कार्ड ओढून काढलं, फाडणार होते. काटेवाल्यानं हात धरला. कार्ड फाटलं की माल बेवारशी होतो, म्हणाला, मग तो उतरवून घ्यायला कुणीच येत नाही. पुन्हा लावलं.

पोचण्याचं ठिकाण कोरं राहिलंय म्हणे. ठिकाण नाही तर माल उतरणार कुठं? त्यानं स्वतः लिहून पाहिलं. काटा हलला नाही. एका कार्डावर दोन हातांचं अक्षर चालत नाही, त्यांचा जुना नियम. खोडलं. तिनंच लिहायला हवं.

ती म्हणते, तुम्ही दोघं म्हातारे मिळून मला वेड लावाल. कार्डावर लिहीत नाही. तशीच कामावर गेली, संध्याकाळी आली. लाल काठाचं मीच उचललं होतं. हे लिहिणार नाही म्हणते. लिही.

शनिवार, १५

साठ. आवारातून येताना वाऱ्यानं तिला कुंपणापर्यंत नेलं. मी पदर कमरेला बांधून धावले. आता ऐकते. आता घाबरलीय—

पेन उमटत नाही. हाताला भारच नाही. रंगाचा बारीक ब्रश दिलाय, त्यानं लिहिते.

आवाजही गेला. ओठ हलतात.

त्याच दिवशी, दुपार

दोन किलो उरली. मनगट धरून बसलेय, सोडलं तर—

कार्ड आणलंय, वहीच्या शेजारी ठेवलंय. काटेवाला काट्यापाशी उभा आहे. वाघीण हलकी झाली की हात वर करणार. खिडकीतून दिसतो.

गोणी, वही राहू दे. कार्डावर लिही. पोचण्याचं ठिकाण, आजीची मांडी. झालं? हळू, घाई नको. परत सांगते, आजीची मांडी.

लिहिलंस ना? हात वर नाही केला त्यानं. कार्डावरच लिहिलंस ना, बाळा? मला दोन्ही सारखीच दिसतात गं, मला वाचता— ब्रश कुठं फिरतोय तुझा, ही वही का ते कार्ड, मान तरी हलव, गोणी, कार्डाव