तद्रोसमामांना, कोंबड्यांविषयी

हेलवान
मोठ्या उपासाचा सहावा आठवडा

आदरणीय तद्रोसमामा यांस,

लबीबचा वाकून नमस्कार. तुमचे आणि फहीमामामींचे हात इथूनच डोळ्यांना लावतो. तुमची तब्येत, मामींचे गुडघे, म्हशीचा खोकला सगळं बरं असेल अशी आशा आहे. आम्हीही सगळे ठीक आहोत. (हे पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचलंत की तुम्हीच ती ओळ खोडून टाका.)

पत्र पाहून नवल वाटेल, पण फोनचा उपयोग नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. सणाला फोन केला होता तेव्हा मी काय बोललो ते इथे आमच्या गल्लीने ऐकलं, तिथे तुमच्या गल्लीने ऐकलं, फक्त तुम्हाला ऐकू आलं नाही. शेवटी तुम्ही "बरं, देव भलं करो, गव्हाचं मी बघतो" असं म्हणून फोन ठेवलात. मी गव्हाविषयी काहीच विचारलं नव्हतं.

तर विषय कोंबड्यांचा आहे. आईला गावाहून इथे आणून या उन्हाळ्यात तीन वर्षं होतील. तिची स्मरणशक्ती कशी उतरत गेली ते तुम्ही भिंतीपलीकडून पाहिलंच आहे (तिने भट्टी पेटती ठेवून शेतात जाणं वगैरे), म्हणून तो भाग सोडतो. इथे तळमजल्याचं घर, मागे फरशी घातलेलं अंगण, त्यात एक लिंबाचं झाड आणि एक बंद पडलेलं कपडे धुण्याचं यंत्र. ते टाकून द्यायचं की दुरुस्त करायचं यावर मी आणि तुमची भाचेसून सुहैर सहा वर्षं चर्चा करतो आहोत. आई दिवसभर शांत असते. पण ऊन भिंतीवर चढायला लागलं की उठते आणि विचारते, "कोंबड्या आत घेतल्या का?"

सुरुवातीला मी "घेतल्या" म्हणायचो. पण आईची स्मृती गेली असली तरी संशय जागच्या जागी आहे. ती अंगणात जाऊन बघायची, कोंबडी एकही नाही, मग रडायला बसायची की चोरीला गेल्या. मग चोर शोधायची. आमच्या डोक्यावर रिफअत मास्तर राहतात. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले, हृदयाचं दुखणं असलेले सज्जन गृहस्थ. एका संध्याकाळी आई जिना चढून गेली आणि त्यांच्या दारात उभं राहून म्हणाली की मुलाबाळांचा माणूस दिसतोस, माझ्या कोंबड्या दे, मी कुठे बोलणार नाही.  मास्तरांनी आत जाऊन बर्फाच्या कप्प्यातली एक कोंबडी पिशवीत घालून आणली आणि अदबीने तिच्या हातात दिली. आईने पिशवी उघडून बघितली. म्हणाली, "ही माझी नव्हे. हिला डोकं नाही."

त्या रात्री जेवताना मी ठरवलं की खऱ्याच कोंबड्या पाळायच्या, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही आणि मास्तरांना खोटं भोगावं लागणार नाही. सुहैर म्हणाली, "वास येईल. पिसवा होतील. आणि धुणं कुठे वाळत घालू?" मी म्हटलं, आपण शिस्तीत आराखडा करू. मामा, मी तीस वर्षं गटारांचे नकाशे काढण्याची नोकरी केली आहे, तेव्हा खुराड्याचा नकाशा काढायला मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तीन रविवार बसून काढला. हवा कुठून येणार, पाणी कुठून जाणार, दुपारचं ऊन कुठे पडणार, सगळं बाणांनिशी. बख्तीत सुताराला बोलावून नकाशा दिला. त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "साहेब, कोंबडीला बाल्कनी कशाला?" मी म्हटलं, संध्याकाळी बसायला. तो म्हणाला, "छान. कोंबडी इथून आत जाते, इथे बसते, इथे अंडं देते. मग तुम्ही कुठून आत जाता?" मामा, नकाशात माणसाला शिरायला दारच नव्हतं. तीस वर्षांची नोकरी, पण गटारात कोणाला शिरायचं नसतं म्हणून ती सवय नाही. बख्तीतने ते दार स्वतःच्या डोक्याने केलं आणि नंतर आठवडाभर सगळ्या बाजाराला सांगितलं.

उपास लागायच्या तीन दिवस आधी मी पाखरांच्या बाजारातून तीन कोंबड्या आणल्या. विकणाऱ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की तिन्ही अंड्यावर आल्या आहेत. तिघींतली सर्वांत धट्टीकट्टी कोंबडी तिसऱ्या दिवशी पहाटे बाल्कनीत उभी राहून आरवली. मास्तर पायजम्यावर खाली आले, छातीला हात लावून. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की लबीबबाबू, आपल्याकडे ही एकच आहे ना? उपासाआधीचा तो शेवटचा रविवार होता, म्हणून त्या कोंबडीचा, म्हणजे कोंबड्याचा, प्रश्न सुहैरने मुलुखियाच्या पालेभाजीच्या पातेल्यात सोडवला. अर्धं पातेलं मास्तरांकडे गेलं.

आणि लगेच सोमवारी, म्हणजे पंचावन्न दिवस अंड्याला हात लावायचा नाही त्यातल्या पहिल्या दिवशी, उरलेल्या दोघींनी अंडी द्यायला सुरुवात केली. रोज दोन. दोघी अगदी नेमाच्या. मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालायचो आणि सुहैर ती वर मास्तरांकडे (त्यांना आपला उपास नसतो) पोचवायची. मास्तर दोन्ही हातांनी घ्यायचे, आशीर्वाद द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात सुहैर कोपऱ्यावरच्या दुकानातून डाळ आणायला गेली तर फळीवर आमची अंडी. माझ्या हस्ताक्षरातल्या तारखांसकट. मास्तरांना डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच अंडी बंद केली होती. पण नको कसं म्हणायचं म्हणून ते घेऊन दारवानाला द्यायचे, आणि दारवान दुकानात. सुहैर घरी येऊन हसली. मामा, या घरात ती पोट धरून हसली त्याला किती काळ झाला होता ते मी मनातल्या मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

पण ज्या माणसासाठी हे सगळं केलं तिचं काय झालं, ते सांगायचं मी टाळतो आहे. कोंबड्या आणल्या त्याच संध्याकाळी आईने विचारलं, "कोंबड्या आत घेतल्या का?" मी छाती फुगवून तिला हाताला धरून अंगणात नेलं. तिने वाकून बराच वेळ बघितलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "या कोणाच्या आहेत?" मी म्हटलं, तुझ्याच. ती म्हणाली, "माझ्या ठिपक्यांच्या. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये, बाळा. ज्याच्या असतील त्याला देऊन ये." तेव्हापासून तिचा रोजचा उद्योग म्हणजे फाटक उघडून त्यांना त्यांच्या घरी पाठवणं. सुहैरने फाटकाला कुलूप घातलं. किल्ली गळ्यात, क्रूसाच्या शेजारी.

चौथ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी मी कामावरून लवकर आलो तर अंगणातून दोघींचा बोलण्याचा आवाज येत होता. आई लिंबाखाली बसली होती, मांडीवर तांबडी कोंबडी, आणि सुहैरला शिकवत होती की पोटाखाली बोटं कुठे लावली म्हणजे उद्याचं अंडं कळतं. "दाबू नकोस, नुसतं विचार," असं म्हणाली. मग दुसरीला हाकारलं, "बेतक, बेतक," गावातल्यासारखं, आणि ती वेडी शहरी कोंबडी जन्मभर ऐकलं असल्यासारखी धावत आली. मी दारात उभा होतो. आईने वर बघितलं आणि म्हणाली, "लबीब, तुझे केस कधी पिकले? जेवलास का?" सव्वा वर्षात तिने माझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो, पण उठून स्वयंपाकघरात जावं लागलं असतं आणि मला तिथून हलायचं नव्हतं. तासभर ती पूर्ण होती. बाबांबद्दल बोलली, मार्सेलताईच्या बाळंतपणाबद्दल बोलली, सुहैरला म्हणाली की तुझे हात माझ्यामुळे खराब झाले, मला कळतं ते. सुहैरने तिचे पाय चेपले, मग चहा केला, मग भंगारवाला हाक मारत आला म्हणून ते सहा वर्षांचं यंत्र त्या आनंदात त्याला देऊन टाकलं. ते बाहेर काढायला फाटक उघडलं. आणि कुलूप परत लावायचं राहिलं.

मी आत कपडे बदलत होतो. बाहेर आलो तर अंगणात कोणी नाही. ना कोंबड्या, ना आई.

पुढचे अडीच तास मी लिहिणार नाही. एका बाजूने मी, एका बाजूने सुहैर अनवाणी, आणि तिसऱ्या बाजूने रिफअत मास्तर, ज्यांना डॉक्टरांनी जिना उतरायलाही मनाई केली आहे. ते भाजीवाल्यापासून पोलिसापर्यंत प्रत्येकाला विचारत होते की एक वृद्ध बाई आणि दोन कोंबड्या पाहिल्यात का. लोकांना ती गंमत वाटत होती. सापडली तीही त्यांनाच, स्टेशनात. बाकावर ताठ बसली होती, घरातल्या चपला, मांडीवर पदराखाली तांबडी. दुसरी कुठे गेली ते आजवर कळलं नाही. शेजारी बसलेल्या एका बाईने तिला पाणी दिलं होतं. तिला आईने सांगितलं होतं की मी गावी जायला मल्लवीच्या गाडीची वाट बघते आहे, या कोंबड्या माझ्या भावाच्या घरच्या आहेत, अंधार व्हायच्या आत पोचवायच्या आहेत. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तद्रोस, किती वेळ लावलास."

सुहैरने तेव्हापासून स्वतःला माफ केलेलं नाही. मी किती सांगितलं की तो तास तुझ्यामुळेच मिळाला. ती ऐकून घेते आणि कुलूप ओढून बघते.

तर आता विनंती. आईला इथे आणलं तेव्हा तिच्या ठिपक्यांच्या कोंबड्या मामींनी भिंतीवरून उचलून नेल्या, हे मला माहीत आहे (मामींनी कधी सांगितलं नाही, पण निघताना गाडीतून मी पाहिलं). त्यांची पिल्लावळ तुमच्याकडे असेल. त्यातल्या तीन पाठवाल का? खुराडं तयार आहे, हवेशीर आहे, माणसाला दारही आहे. मल्लवीहून येणाऱ्या गाडीच्या चालकाकडे टोपलीत दिल्यात तर मी इथे उतरवून घेईन.

मामींना नमस्कार. म्हशीला बडीशेपेचा काढा द्या.

तुमचा भाचा,
लबीब

ता. क. चालकाकडे देऊ नका. त्या वाटेत गुदमरतील. तुम्हीच घेऊन या.

ता. क. दुसरा. सुहैर वाचून म्हणाली की मामांना खरं लिही, कोंबड्यांच्या आड लपू नकोस. तर खरं हे की कोंबड्या नाही आणल्यात तरी चालेल. तांबडीसुद्धा मी बख्तीतला देऊन टाकली आहे. आई संध्याकाळी विचारते तेव्हा मी म्हणतो, "तद्रोसने घेतल्या." मग ती निवांत झोपते. (आणि मामा, ते खरंही आहे.)

ता. क. तिसरा, आणि यानंतर कागद संपतो आहे. स्टेशनातल्या त्या दिवसापासून मी तिच्यासाठी तुम्ही झालो आहे. ती रोज मला बाबांच्या अंत्ययात्रेच्या दिवसाबद्दल सांगते. तुम्हाला ते सगळं ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण आपल्या घरात ते कोणी मोठ्याने बोललेलं नाही. शवपेटी नावेतून नदीपलीकडच्या दफनभूमीत गेली आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात. तिने चारचौघांत म्हटलं की आता कशाला आलास, दुखवट्याची कॉफी प्यायला? तुम्ही उंबऱ्यावरूनच मागे फिरलात आणि एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून तुम्ही दोघं आठ वर्षं बोलला नाहीत, आणि ती इथे आल्यावर आणखी तीन. ती म्हणते, "तुझा हात फडक्यात होता, तो मी बघितला नाही, तद्रोस. कडबा कापायच्या यंत्रात दोन बोटं गेली आणि तू तसाच आलास. दुसऱ्या दिवशी मला कळलं. कळूनही मी आले नाही. मला लाज वाटली." मग माझी बोटं मोजते. पाच भरली की फार आनंद होतो तिला. म्हणते, परत आली. आणि विचारते, "माफ केलंस ना?"

मामा, तुम्हाला न विचारता मी तुमच्या वतीने तिला माफ करत आलो आहे. रोज दोनदा, सकाळी आणि ऊन भिंतीवर चढलं की. तुम्हाला ते मान्य नसेल तर तसा तुमचा हक्क आहे. पण मग स्वतः येऊन तिच्या तोंडावर सांगा. उपास सुटायच्या आत या. आईचे डॉक्टर म्हणतात, फार लांबवू नका.