दोघांच्या सहीचं व्याज

पंचवटी, मार्च २००३

वाल्मीकदादा,

परवा फोनवर तू विचारलंस, व्याज वेळेवर येतं ना. येतं. कंपनी सोडताना ह्यांना मिळालेले पैसे तू ह्यांच्या मनातल्या पिठाच्या गिरणीत घालू दिले नाहीस. स्वतः कांद्याच्या व्यापारात रोज जीव टांगणीला लावणारा तू, पण बहिणीला बिनधोक वाट दाखवलीस. पोस्टात ठेवा, बसून खा, आणि खातं दोघांच्या सहीचं काढा, म्हणजे पाहुणे परस्पर पैसे काढणार नाहीत. मीही मान डोलावली.

तेव्हापासून हे माझ्याशी बोललेले नाहीत. मग मीही बोलणं सोडलं. ताट वाढलं की भांडं आपटते, तेवढं त्यांना कळतं.

पण दर महिन्याला एका रिक्षात बसून सह्या करायला जावं लागतं. खिडकीवरच्या मनीषाबाई रांगेतल्या बायकांना सांगतात, "बघा, कसे जोडीनं येतात. नाहीतर आमच्याकडचे." आम्ही दोघंही हसतो.

आज मी एकटीच गेले. माझ्या वाटणीच्या व्याजात कुठंतरी एक खोली घेऊन राहीन म्हटलं. पैसे निम्मे करून दोन खाती होतील का, असं विचारलं. मनीषाबाईंनी अर्ज काढून दिला. म्हणाल्या, "होतील की. फक्त ह्याच्यावर दोघांच्या सह्या लागतात. घरी नीट बोलून घ्या."

अर्ज गव्हाच्या डब्यात ठेवलाय. हे पत्रही तिथंच ठेवते.

तू काळजी करू नकोस. पैशाला कसलाही धोका नाही.

तुझी,
इंदू