वहीतला शेवटचा रकाना

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सव्वासात.
पेन्सिलींना टोके काढून झाली. ऑफिस उघडायला अजून पाऊण तास आहे, म्हणून ही रोजनिशी सुरू करतो. कालच या गावात आलो. बेटावर सहली नेणाऱ्या ऑफिसात कारकुनाची जागा मिळाली; नववीत शाळा सुटलेल्याला याहून चांगले काय मिळणार? खोली ऑफिसच्या वरच आहे. खिडकीतून धक्का दिसतो, आणि लाँचने पाऊण तासावरचे बेटही. तिथे जुना किल्ला आहे, किल्ल्यात बंद पडलेला तुरुंग, आणि पाहुण्यांसाठी आठ खोल्या. हवा निवळली की वीस तारखेला हंगामातली पहिली सहल. मालक म्हणाले, सगळी आखणी तूच कर, मी फक्त नावाला.
कर्मचाऱ्याच्या एका नातेवाइकाला जागा फुकट असते. लगेच ताईला फोन केला. आई गेल्यापासून ताईनेच मला वाढवले आणि शिलाईयंत्रापुढून ती कधी उठली नाही. तिच्या किराण्याच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारतो म्हणून मला मास्तर म्हणते. म्हणाली, मास्तर, समुद्राला शोभतील अशा चपला तरी आहेत का माझ्याकडे?

६ सप्टेंबर, शुक्रवार.
आधीचे कारकून उन्हाळ्यात वारले. त्यांची प्रवाशांची वही आज चाळली. नाव, वय, पत्ता ठीक. पण शेवटच्या रकान्यात प्रत्येक प्रवाशाने लाँचमध्ये चढण्यापूर्वी स्वतःच्या हाताने 'येतो' किंवा 'येते' लिहून सही केली आहे. तीस वर्षे हेच! निघालेला माणूस 'येतो' कसा? घरातून बाहेर पडताना आपण तसे म्हणतो हे मलाही माहीत आहे. पण घरचे बोलणे वेगळे, दप्तर वेगळे. मी नवी वही आखली आणि त्या रकान्याला मथळा दिला, 'जातो / जाते'. मालकांनी न बघताच मान हलवली. लाँचवाल्याला वाचता येत नाही. पुठ्ठा झकास आहे एवढे म्हणाला.

१४ सप्टेंबर, शनिवार.
चौदा जागा भरल्या. शुक्रवारी सकाळी नऊला निघणे, रविवारी दुपारी साडेचारला परत. ताईला वरची कोपऱ्यातली खोली, कारण तिथून दोन बाजूंनी समुद्र दिसतो. उशी एक जास्त सांगितली. ताईने चपला घेतल्या, निळ्या.

२० सप्टेंबर, शुक्रवार.
सगळे वेळेवर निघाले. तेरा जणांनी नीट 'जातो', 'जाते' लिहिले. ताईने सवयीने 'येते' लिहिले. मी मथळ्यावर बोट ठेवले. ती हसली, असं कुणी लिहितं का रे, म्हणाली. मी म्हटले, वहीत एकसारखेपणा हवा. मागे रांग खोळंबली होती. तिने 'येते' खोडले, 'जाते' लिहिले, आणि मास्तर पास करा आता, म्हणून माझ्या डोक्यावर टपली मारली.

२२ सप्टेंबर, रविवार.
लाँच रिकामी आली. लाँचवाला म्हणतो, धक्क्यावर कोणी नव्हते. खोल्या आवरलेल्या, पिशव्या बांधून ठेवलेल्या. बेटाच्या धक्क्यावर चपलाबुटांचे चौदा जोड ओळीने, पाण्याकडे टोके करून. पोलीस गेले आहेत. निळ्या चपला शेवटच्या आहेत का, हे मी दोनदा विचारले.

२३ सप्टेंबर, सोमवार.
पाणबुडे उतरले. काही नाही. लाँचवाल्याने आज विचारले, शेवटच्या रकान्यात काय लिहून घेतलंस? मी वाचून दाखवले. तो खाली बसला. म्हणाला, तुरुंग चालू होता तेव्हा कैद्यांकडून याच धक्क्यावर 'जातो' लिहून घ्यायचे. शिक्षा संपली तरी एकही परतला नाही. म्हणून म्हातारा कारकून माणसामाणसाकडून 'येतो' लिहून घेई. मग म्हणाला, अरे, तुला घरी कोणी शिकवलं नाही का?
शिकवले होते. ताईनेच.

२४ सप्टेंबर, मंगळवार.
तिच्या नावापुढचा शब्द खोडून मी 'येते' लिहिले. सकाळी पाहिले तर तिथे 'जाते' होते. अक्षर तिचेच. तिचे तिनेच लिहायला हवे.

२५ सप्टेंबर, बुधवार.
दुपारी ताईचा फोन आला. तिचा फोन पोलिसांकडे कपाटात बंद आहे, मी स्वतः पाहिला. आवाज तिचाच. म्हणाली, आम्ही सगळे धक्क्यावर उभे आहोत. लाँच रोज येते, लाँचवाला आमच्या आरपार बघतो आणि वळवून नेतो. चढू बघतो तर पाय उचलत नाहीत. किती वाजले रे? इथे साडेचारच आहेत.

२७ सप्टेंबर, शुक्रवार.
पोलिसांबरोबर गेलो. लाँचवाल्याने जुन्या वहीत माझ्याकडून 'येतो' लिहून घेतले. धक्क्यावर कोणी नाही. हाका मारल्या. निळ्या चपलांशेजारी तासभर बसलो. परत आलो —

२८ सप्टेंबर.
पुन्हा फोन. ती रडत होती. अगदी माझ्यापुढे बसला होतास, म्हणाली. तुझ्या डोक्यावर हात ठेवला तर तू मुंगी झटकावी तसा —
मी झटकले होते. आठवते.
'येतो' लिहून गेलेल्याला ती दिसणार नाही. म्हणजे —

२९ सप्टेंबर. रविवार.
तिला सांगितले, मी येतो आहे तिकडे. ती ओरडली, मूर्खा, वही जाळ आणि घरी जा. मग हळूच, इथे फार थंडी आहे रे.
लाँचवाल्याला न सांगता एका कोळ्याची होडी ठरवली. त्याला वहीचे माहीत नाही.

३० सप्टेंबर. पहाट.
लिहिले. 'जातो.' अक्षर चांगले आले.
कोळी खालून हाक मारतो आहे. हिशेब पुरा करून ठेवतो, मागे कोणाला त्रास नको.
खर्च: होडीचे भाडे, फक्त जाण्याचे, तीनशे. ताईची शाल, चारशे दहा.
देणे: खाणावळ, सहाशे चाळीस. शाई आणि नवी वही, एकशे पाच, ते मालकांनी माझ्या पगारातून —
येणे:
येणे —