पडवीवरच्या हिरव्या पत्र्याबाबत माझी इच्छा

मी, बायजा कोंडाजी कराळे, वय अंदाजे चौऱ्याहत्तर (दाखल्यावर मास्तरांनी कमी घातलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक), राहणार कळंब, तालुका कर्जत, शिक्षण तिसरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, जेवण पचतं, कोणी दटावलेलं नाही. दुखतात ते गुडघे, आणि लिहायला गुडघे लागत नाहीत.

१. घर मालकांनी, म्हणजे कै. कोंडाजींनी, हयातीत माझ्या नावावर केलं. माझ्यामागे ते मुलगा नीलेश याला. मोहोपाड्याला कारखान्यात आहे. स्वभावानं चांगला, फक्त त्याची वस्तू हलवली की तोंड फुगतं.

२. पाटल्या मुलगी छाया हिला. मोडून नव्या फॅशनचं काही करू नये.

३. पाटा-वरवंटा शेजारीण सोनुबाईला. कितीदा मागितला, दिला नाही. आता न्यावा, आणि उचलावाही तिनंच.

४. पुढची पडवी छायाची मुलगी समिधा हिला. हे कलम लांबेल.

समिधा माझ्याजवळ राहते आणि पडवीत जुने फोटो मोठे करून छापते. भिंतीवर लावायला लोकांना काळेपांढरेच हवे असतात. पण पडद्यावर छान दिसणारा फोटो कागदावर हिरवट यायचा. मला वाटायचं, काळी शाई घातली की झालं. तर तसं नाही, काळ्यापांढऱ्यातही निळी, गुलाबी, पिवळी थोडी थोडी जाते. कुठल्या कागदाला किती पाजायची, ते सांगणारं एक प्रोफाइल असतं. पोरीनं ते बदललं, कागद बदलला. एकदा कॉम्प्युटरला रंग सांभाळ म्हटलं आणि प्रिंटरलाही, म्हणजे एका कालवणात दोघींनी मीठ घातलं. शेवटी गुलाबी वाढवत नेली, तेव्हा कुठे फोटो काळापांढरा दिसला. मी पेढे वाटले.

मग भिवपुरीची चिंधी फोटो परत घेऊन आली. "समिधा, माजा सासरा गुलाबी झालाय गं. जिता होता तवा कदी लाजला नाय."

"काकू, नीट तर आहे."

"भायेर चल."

तिनं पोरीला दंडाला धरून अंगणात नेलं. सासरा गुलाबी. पडवीत आणला, काळा. परत बाहेर, परत गुलाबी. चिंधी म्हणाली, "दारात काय करनी हाय का काय?" तेव्हा समिधानं मान वर केली. वर नीलेशनं हौसेनं घातलेला हिरवा फायबरचा पत्रा. सगळा उजेडच हिरवा, त्यात पोर कागदाला दोष देत बसली होती.

तिनं वाढवलेली गुलाबी काढून टाकली, त्या कागदाचंच प्रोफाइल लावलं, प्रिंटरला मध्ये बोलू दिलं नाही. फोटो उन्हात धरला तर खरा काळापांढरा. मी पुन्हा पेढे वाटले.

पण प्रत्येक कागद घेऊन अंगणात किती पळणार? गिऱ्हाईक तुटायला लागलं. नीलेश म्हणाला, "पत्रा हलायचा नाय. खाली माजी गाडी असते." समिधा म्हणाली, "मामा, पांढरा घालू, गाडी सावलीतच राहील." तोंड फुगलं.

म्हणून लिहिते: पडवी समिधाला, हिरवा पत्रा नीलेशला. त्यानं तो गोठ्यावर घालावा, म्हशी फोटो छापत नाहीत.

फोनवर विचारलं तर वकील म्हणाले, "आजी, यातलं काही तुम्ही असेपर्यंत लागू होत नाही." म्हणजे मी जाईपर्यंत पोरीनं आंधळ्यासारखं काम करायचं? मग मी हे कलम नीलेशला वाचून दाखवलं. त्यानं वर पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आये, तू गेल्यावर उजेड केला तर तो बगायचा कोनी?" आणि पाना घेऊन शिडीवर चढला.

आता वर ठोकाठोक चालली आहे. शाईवर गंज पडतोय, त्याला माझा इलाज नाही.

निघाला. सकाळपासून हा कागद मला हिरवट दिसत होता, या ओळीपासून पांढरा आहे. चौथं कलम आजपासून लागू समजावं. बाकीच्यांनी थांबावं, मला घाई नाही.

सही: बायजा कोंडाजी कराळे

आम्हा दोघांसमोर आजींनी वाचून सही केली. सही करताना त्या हसत होत्या.
साक्षीदार: १. संतोष म्हसे २. हर्षला ठोंबरे

ठिकाण: कळंब, पडवीत
दिनांक: १२ जानेवारी २०२५