चिंच जागची हलली न्हाई

चि. आकांक्षास,

आजीचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का? रत्नागिरीची हवा दमट, कान बांधत जा. इकडं समदे बरे, माझे गुडघे सोडून. पत्र तुझी आई लिहून राह्यलीय. (फोनवर बोललेलं शेजारी कडूबाच्या ओसरीत ऐकू जातं, अन् आजचं बोलणं त्याचंच हाय.)

हा कडूबा दरसाल नांगरताना आपल्या बांधाला चार बोटं चाटतो, हे तुला ठाऊकच. असा बांध चालत चालत आपल्याकडं आला अन् बांधावरची चिंच बिचारी जिथल्या तिथं. आता ती सात हात त्याच्या वावरात दिसाया लागली, तर म्हणे झाड माझं, तोडून वखारीला घालतो! तू कॉलेजात शिकतेस ते समुद्रातले जीव, खडकाला चिकटले की मरेपर्यंत जागा सोडत न्हाईत, ते मी त्याला सांगून पाह्यलं. म्हणलं, चिंचही त्याच जातीची, मंग हललं कोण? तर म्हणतो, काकू, जालन्यात समुद्र कुठं हाय?

मंगळवारी झाड तोडणारा गडी मशीन घेऊन आला. मी त्याच चिंचेखाली चिंचा वेचत बसलेले. गड्यानं बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन चकरा मारल्या अन् घामाघूम होऊन मलाच विचारतो, आजी, बांधावरची चिंच कुठं हाय? म्हणलं, बांधावर हाय असं कोण म्हणलं? म्हणे, कडूबा अण्णा, फोनवर, दोनदा! (नाचावं वाटलं, पण गुडघे.)

त्याला हाताला धरून सरळ पारावर नेलं. पंच बसलेले, कडूबा तंबाखू मळत. म्हणलं, बाबा, मघाशी काय विचारलंस ते बराबर परत विचार. त्यानं विचारलं. पार लोळला हसून! पंचांतल्या रखमाजी भावजींना दहा वर्षांत कुणी हसताना पाह्यलं न्हाई, त्यांची कवळी मांडीवर आली. कडूबा म्हणे, सवयीनं बोललो. म्हणलं, मंग सवयीनंच बांध चिंचेपाशी ने. पंचांनी तेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच ट्रॅक्टर, त्याचंच डिझेल, अन् मी चिंचेखाली खाट टाकून, हं, अजून थोडं इकडं, म्हणत होते.

वेळेवर जेव. खाली माझा अंगठा हाय. या खेपेला जरा दाबून लावलाय.

तुझी आजी,
सोनूबाई

ता.क. कडूबानं सरकारी मोजणीचा अर्ज दिलाय म्हणतात. तुझे ते चिकटके जीव लहानपणी मोकळे फिरतात, मंगच जागा धरतात, असं तू म्हणली होतीस ना? तेवढं कॉलेजच्या कागदावर, शिक्का मारून, जल्दी पाठव.

ता.क. दुसरा. कशाला म्हणून विचारशील. आपली चिंचही लहानपणी फिरलेली हाय. कडूबाचा बाप राजूरला गणपतीला गेल्ता, तवा मीच बांधावरचं रोप उपटून दोन हात त्याच्या वावरात लावलं. म्हंजे सातातले पाच हात त्यानं खाल्ले, दोन आपण; मोजणीत ते दोन निघाले, तर दाखवाया कागद नको का? तुझी आई लिहायची थांबून माझ्याकडं बघून राह्यलीय. बघू दे. चिंचा तिनंही खाल्ल्यात.